निळ्या थराखालचे देवदूत

म्युनिकच्या आल्टे पिनाकोटेक या संग्रहालयात राफाएलने रंगवलेले एक ‘पवित्र कुटुंब’ आहे. फ्लोरेन्समधील ज्या घराण्यासाठी ते रंगवले गेले त्याच्या नावावरून ते ‘कानिजानी पवित्र कुटुंब’ म्हणून ओळखले जाते. लाकडी फळीवर तैलरंगात केलेले हे चित्र सुमारे १३१ सेंटिमीटर उंच आणि १०७ सेंटिमीटर रुंद आहे. म्हणजे चर्चमध्ये वेदीमागे उभी केली जातात त्या भव्य चित्रांपैकी ते नव्हे, तर सुखवस्तू घराच्या एखाद्या दालनात, घरच्या माणसांच्या नजरेच्या टप्प्यात राहावे अशा बेताचे आहे. १५०४ ते १५०८ या काळात राफाएल मुख्यत्वे फ्लोरेन्समध्ये काम करत होता, तेव्हा त्याचे वय एकवीस ते पंचवीसच्या दरम्यान होते, आणि या चित्राचा संबंध दोमेनिको कानिजानी याच्या १५०७ सालच्या विवाहाशी जोडला जातो. मरियेच्या पोशाखाच्या गळ्यालगतच्या काठावर चित्रकाराने आपले नाव आणि आपले गाव, उर्बिनो, लॅटिनमध्ये लिहिलेले आहे.

चित्रसंवर्धक, म्हणजे जुन्या चित्रांची तपासणी, सफाई आणि डागडुजी करणारा तज्ज्ञ, अशा चित्राकडे पाहतो तेव्हा त्याला प्रथम विषय दिसत नाही. दिसतात ते थर. तळाशी फळी, तिच्यावर जिप्सम आणि प्राणिज सरस यांचा घोटून गुळगुळीत केलेला पांढरा लेप, त्यावर रेखाटन, मग रंगाचे एकावर एक थर, सर्वांत वर वॉर्निश. आणि या मूळ मांडणीच्या मध्ये किंवा वर, पुढच्या शतकांतल्या अनेक हातांनी चढवलेले रंग. प्रस्तुत लेखिकेच्या नोकरीची बहुतेक वर्षे असे नंतरचे थर ओळखण्यात आणि त्यांचे काय करावे याच्या चर्चांत गेली. कानिजानी चित्राला तिने कधी हात लावलेला नाही. तथापि त्या कामात जे प्रश्न रोज टेबलावर येतात ते एकाच चित्राच्या आधारे समजावून सांगायचे झाले, तर तिला याहून चांगले उदाहरण आढळलेले नाही.

या चित्रात पाच माणसे आहेत. उजवीकडे मरिया जमिनीवर बसलेली असून तिच्या हाताशी पुस्तक आहे आणि तिच्यापाशी बाळ येशू आहे. डावीकडे तिची वयोवृद्ध नातलग एलिझाबेथ, म्हणजे मराठी बायबलातील अलीशिबा, आपल्या बालकाला, पुढे बाप्तिस्मा करणारा म्हणून प्रसिद्धीस आलेल्या योहानाला, धरून आहे. दोन्ही बालकांच्या हातांत लेखपट्टी आहे, आणि योहानाच्या चित्रणात ती पट्टी येशूला त्याने देवाचा कोकरा म्हटल्याची, म्हणजेच पुढच्या बलिदानाची, खूण असते. या चौघांच्या मागे, मधोमध, योसेफ काठीवर दोन्ही हातांचा भार टाकून उभा आहे. शुभवर्तमानांत ही पाच माणसे अशी कुरणात एकत्र बसल्याचा प्रसंग कुठेही नाही. मरिया गर्भवती असताना एलिझाबेथेला भेटायला गेली एवढे लूककृत शुभवर्तमान सांगते. दोन्ही मुलांच्या लहानपणच्या भेटीची कथा मात्र मध्ययुगातल्या भक्तिपर ग्रंथांनी रचली आणि रुजवली. योहान हा फ्लोरेन्स नगराचा रक्षक संत असल्यामुळे त्या शहरातल्या घरगुती चित्रांत हे बालक वारंवार आले, इतके की त्याची उपस्थिती कुणाला स्पष्ट करून सांगावी लागत नसे.

जॉर्जो वसारी या सोळाव्या शतकातील चित्रकार-चरित्रकाराने राफाएलच्या चरित्रात या चित्राचे वर्णन केले आहे, आणि त्यातला एक तपशील मोलाचा आहे. काठीला टेकलेला योसेफ एलिझाबेथेकडे वाकून पाहतो आहे, आणि एवढ्या उतारवयात या बाईच्या मांडीवर एवढे लहान मूल आहे याचे त्याला नवल वाटून तो मनोमन देवाची थोरवी गातो आहे, असे वसारी सुचवतो. चित्र पाहिल्यावर हे पटते. मरिया खाली मुलांकडे पाहते, मुले एकमेकांत रमलेली आहेत, आणि या सगळ्यांच्या डोक्यांवरून दोन म्हाताऱ्यांची दृष्टभेट होते. या दोघांनाही एक गोष्ट समान आहे: आपल्या पदरी आलेले मूल आपल्या वयाच्या किंवा समजुतीच्या हिशेबात बसत नाही, हे दोघेही जाणतात. मध्ययुगीन चित्रांत योसेफ पुष्कळदा कोपऱ्यात डुलक्या घेणारा, किंचित हास्यास्पद म्हातारा असे. पंधराव्या शतकापासून त्याची प्रतिष्ठा वाढत गेली, पोप चौथा सिक्स्टस याच्या काळात त्याचा सण रोमच्या पंचांगात आला, आणि इथे तर तो संपूर्ण रचनेच्या शिखरावर उभा आहे. भक्तिचित्रात कोण कुठे उभे राहते हा नुसता सौंदर्याचा प्रश्न नसतो.

‘शिखर’ हा शब्द इथे अक्षरशः घ्यावा असा आहे, कारण पाचही आकृती मिळून एक स्पष्ट त्रिकोण होतो: पायथ्याशी दोन स्त्रिया, मध्ये बालके, टोकाला योसेफाचे मस्तक. माणसांचा समूह असा घट्ट, शंकूसारखा बांधण्याची रीत राफाएलने लिओनार्दोकडून उचलली. १५०१ च्या सुमारास लिओनार्दोने संत अॅना, मरिया आणि बाळ यांचे पूर्णाकार कच्चे रेखाटन फ्लोरेन्समध्ये लोकांना पाहू दिले, तेव्हा दोन दिवस माणसांची रीघ लागली होती असे वसारी सांगतो. लिओनार्दोचे समूह एकमेकांत विरघळतात. राफाएलचा हा समूह मात्र इतका मोजूनमापून बांधलेला आहे की त्यात किंचित हट्टही जाणवतो, एखाद्या हुशार विद्यार्थ्याने नुकताच शिकलेला नियम पूर्ण ताकदीनिशी लावून पाहावा तसा. एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकात कलाशाळांतून त्रिकोणी रचनेचे पाठ देताना हे चित्र हाताशी असणे साहजिक होते: खाली माणसांचा डोंगर, मागे दूरवरचे गाव आणि वर रिकामे, निळे, निवांत आकाश.

ते रिकामे आकाश राफाएलचे नव्हते.

चित्र फ्लोरेन्समधून बाहेर कसे पडले हे सांगितल्याशिवाय पुढचे समजत नाही. कानिजानी घराण्याकडून ते पुढे फ्लोरेन्सच्या सत्ताधारी मेदिची घराण्याच्या संग्रहात आले. १६९१ साली आना मारिया लुइझा दे मेदिची हिचा विवाह जर्मनीतील पॅलेटिनेटचा शासक योहान विल्हेल्म याच्याशी झाला आणि या सोयरिकीतून चित्र त्याच्या ड्युसेलडॉर्फच्या दरबारी संग्रहात पोचले. हीच आना मारिया लुइझा पुढे विधवा होऊन माहेरी परतली, आणि मेदिचींची अखेरची वारस या नात्याने तिने १७३७ साली असा करार केला की घराण्याचा सारा कलासंग्रह फ्लोरेन्सबाहेर कधीही जाणार नाही. आज फ्लोरेन्सच्या उफीत्सी संग्रहालयात जे काही आहे त्याचे मोठे श्रेय तिचे आहे. तिच्याच लग्नामुळे उत्तरेकडे गेलेले हे चित्र मात्र त्या कराराच्या कक्षेत येऊ शकले नाही. ड्युसेलडॉर्फमध्ये असताना, अठराव्या शतकात, चित्राच्या वरच्या दोन्ही कोपऱ्यांवर निळा रंग फिरवला गेला. १८०६ साली, नेपोलियनच्या युद्धांच्या धामधुमीत, ड्युसेलडॉर्फचा संग्रह म्युनिकला हलवला गेला, १८३६ साली तिथे आल्टे पिनाकोटेकची इमारत उघडली, आणि तेव्हापासून पाहणाऱ्यांच्या कित्येक पिढ्यांनी जे चित्र पाहिले, ज्याच्या छायाचित्रांवरून अभ्यास केला, ते हे निळ्या कोपऱ्यांचे चित्र होय. त्या रंगाखाली ढगांत बसलेल्या बालदेवदूतांचे दोन समूह होते. इटालियन चित्रकलेत या गुबगुबीत बालदेवदूतांना ‘पुत्ती’ म्हणतात. चित्राच्या जुन्या प्रती, म्हणजे निळा रंग चढण्यापूर्वी इतर चित्रकारांनी केलेल्या नकला, उपलब्ध होत्या आणि त्यांत हे देवदूत दिसत होते. वसारीचे शब्द खालच्या पाच माणसांवरच खिळलेले असल्यामुळे नुसत्या ग्रंथाच्या आधारे ते कळलेच असते असे नाही. नकलाकारांना कलेतिहासात फारसा मान नसतो, परंतु संवर्धकाच्या टेबलावर एखादी सामान्य नक्कल नामवंत समीक्षकाच्या पुस्तकापेक्षा अधिक उपयोगी पडते.

नंतरचा रंग ओळखण्याची रीत थोडक्यात अशी. प्रथम खोली अंधारी करून चित्र अतिनील प्रकाशात पाहतात: जुने नैसर्गिक राळेचे वॉर्निश त्या प्रकाशात फिकट हिरवट चकाकते आणि त्याच्यावर पुढे कधी तरी लावलेला रंग काळसर ठिपक्यांसारखा उठून दिसतो. मात्र शे-दोनशे वर्षांपूर्वीच्या दुरुस्तीवर पुन्हा वॉर्निश चढलेले असेल, तर हा दिवा फसवतो. क्ष-किरण चित्रात शिशाच्या सफेद्याचा वापर झालेला भाग पांढरा उमटतो, आणि सोळाव्या शतकातील चित्रकार कातडीच्या रंगात हा सफेदा भरपूर वापरत असल्यामुळे, वर कितीही निळा रंग असला तरी खालचे चेहरे आणि दंड फिल्मवर उमटण्याची शक्यता असते. सूक्ष्मदर्शकाखालचा पुरावा याहून खात्रीचा वाटतो. फळीवरचे रंग कालांतराने तडकतात आणि बारीक भेगांचे जाळे तयार होते. वरचा रंग त्या भेगांत उतरून बसला असेल, तर रंग लावला गेला तेव्हा भेगा आधीच होत्या हे उघड होते, आणि मूळ चित्रकार हयात असेपर्यंत अशा भेगा सहसा पडत नाहीत. रंगद्रव्येही साक्ष देतात. प्रशियन निळा हा रंग अठराव्या शतकाच्या आरंभी बर्लिनमध्ये प्रथम तयार झाला, त्यामुळे १५०७ च्या चित्रातील आकाशात तो सापडला तर तो भाग राफाएलचा असूच शकत नाही. राफाएलच्या पिढीजवळ निळ्यासाठी मुख्यत्वे अझुराइट हे तांब्याचे खनिज आणि अफगाणिस्तानातून येणाऱ्या लाजवर्दापासून केलेला महागडा अल्ट्रामरीन होता.

हे सगळे प्रयोगशाळेत नीट जमते. अवघड भाग त्यानंतरचा असतो, आणि नवशिक्यांना तो सोपा वाटतो. खाली मूळ काही आहे हे कळले की वरचे काढून टाकावे, असा सरळ हिशेब बाहेरच्या माणसाच्या मनात असतो. वस्तुतः वरचा थरही इतिहासच असतो. कुणी तरी, काही कारणाने, तो लावलेला असतो. जुन्या संग्रहांत झिजलेला किंवा अतिसफाईने खरवडला गेलेला भाग झाकण्याचा सर्वांत जलद उपाय म्हणजे एकसारखा रंग फिरवणे हा असे, आणि आकाशासाठी तर हा उपाय विशेष सोयीचा, कारण निळ्या सपाटीत कारागिराच्या हाताची उणीव दिसत नाही. त्यामुळे वरचा रंग काढल्यावर खाली सुस्थितीतले देवदूत भेटतील की त्यांचे अवशेष, हा प्रश्न प्रत्येक प्रकरणात आधी विचारावा लागतो. त्याचे उत्तर क्ष-किरण चित्र अर्धेच देते, कारण सफेदा शाबूत असूनही त्याच्यावरचे पारदर्शक रंग, ज्यांच्यामुळे चेहरा चेहरा वाटतो, केव्हाच नाहीसे झालेले असू शकतात.

भक्तीच्या वस्तूंबाबत आणखी एक पेच असतो, जो युरोपीय संग्रहालयांत काम करताना विसरायला होतो आणि मराठी माणसाला मात्र सहज आठवतो. पूजेतल्या मूर्तीवर थर चढवणे ही विटंबना नसून सेवा असते. वणीच्या सप्तशृंगी देवीच्या मूर्तीवरील शेंदराचा लेप २०२२ साली काढला गेला आणि आतले रूप प्रकट झाले, तेव्हा पिढ्यान् पिढ्या शेंदूर वाहणाऱ्यांनी काही चूक केली होती असे कुणी म्हणाले नाही. गोव्यातील चर्चांमधल्या लाकडी वेदीरचना आणि संतांच्या मूर्तीही श्रद्धावंत पुन्हा पुन्हा रंगवत आले आहेत, आणि तिथे संवर्धकाला पॅरिशच्या माणसांशी बोलल्याशिवाय ब्रश उचलता येत नाही. कानिजानी चित्राची गोष्ट याहून वेगळी होती, आणि हा फरक नीट नोंदवायला हवा: ड्युसेलडॉर्फमध्ये चित्रावर रंग चढला तो उपासनेसाठी नव्हे, कारण तोवर ते उपासनेतून बाहेर पडून राजसंग्रहातील एक नामांकित राफाएल झाले होते. त्या निळ्या रंगामागे भक्ती नव्हती. तो मान्य केला, तर एका दरबाराच्या सोयीला चित्रकाराच्या बरोबरीचा मान दिल्यासारखे झाले असते, आणि लेखिकेच्या मते तो काढण्याचा निर्णय एवढ्याच आधारावर योग्य ठरतो.

१९८० च्या दशकाच्या आरंभी म्युनिकमध्ये झालेल्या संवर्धनात ते कोपरे उघडे करण्यात आले. असे काम प्रत्यक्षात कसे चालते याची कल्पना देणे आवश्यक आहे, कारण ‘उघडे केले’ या दोन शब्दांत फार काही दडते. काडीला गुंडाळलेला कापसाचा लहानसा बोळा द्रावकात बुडवून चित्राच्या अगदी छोट्या तुकड्यावर फिरवतात, बोळ्यावर कोणता रंग उतरतो ते पाहतात, बोळा टाकून नवा घेतात. कोणते द्रावक, किती तीव्रतेचे, किती सेकंद, हे प्रत्येक रंगासाठी चाचणी करून ठरवावे लागते, कारण जे वरच्या निळ्याला विरघळवते ते खालच्या मूळ तैलरंगालाही फुगवू शकते. वरचा तैलरंग जुना होऊन कठीण झाला असेल, तर द्रावक पुरत नाही आणि सूक्ष्मदर्शकाखाली शस्त्रक्रियेच्या सुरीने, दाण्यादाण्याने, तो सुटा करावा लागतो. तळहाताएवढा भाग उघडायला कित्येक दिवस लागतात, खांदे आणि मान भरून येतात, आणि संध्याकाळी पाहिले तर काहीच पुढे सरकलेले नाही असे वाटते. या कामात हात थरथरणाऱ्यापेक्षा कंटाळणारा माणूस अधिक धोक्याचा, असे या क्षेत्रातले ज्येष्ठ नवख्यांना सांगतात, आणि ते खरे आहे. कारण कंटाळलेला हात नेमका तिथे घाई करतो जिथे मूळ रंग सर्वांत पातळ असतो.

उघडे झाल्यावर नवा प्रश्न उभा राहतो तो तुटलेल्या जागांचा. विसाव्या शतकात इटलीने या बाबतीत जो विचार मांडला त्याचा प्रभाव जगभर पडला. इटालियन कलासमीक्षक चेझारे ब्रांदी यांच्या पुढाकाराने रोममध्ये १९३९ साली मध्यवर्ती संवर्धन संस्था स्थापन झाली आणि तिथे ‘त्रातेज्जो’ ही पद्धत विकसित झाली: हरवलेल्या जागी अगदी बारीक, उभ्या, समांतर रेषांनी रंग भरायचा, ज्यामुळे काही पावलांवरून चित्र सलग दिसेल, परंतु जवळ गेल्यावर ही भर नंतरची आहे हे कुणालाही ओळखता येईल. अठराव्या शतकातील दुरुस्ती लपत असे. विसाव्या शतकातील दुरुस्तीने आपण दुरुस्ती आहोत हे कबूल करायचे ठरवले. राफाएलच्याच ‘मादोन्ना देल कार्देल्लीनो’ या चित्रावर, म्हणजे बाळ येशू आणि बाळ योहान यांच्यामध्ये गोल्डफिंच हा छोटा पक्षी असलेल्या मरियेच्या चित्रावर, फ्लोरेन्सच्या ‘ओपिफीचो देल्ले पिएत्रे दूरे’ या संस्थेत सुमारे दहा वर्षे काम चालून ते २००८ साली पूर्ण झाले. १५४७ साली मालकाचे घर कोसळून ही फळी सतरा तुकड्यांत फुटली होती, आणि ते तुकडे जोडताना जुन्या दुरुस्तीकारांनी सांधे झाकायला जो रंग लावला तो चार शतकांत काळवंडून सगळ्या चित्रावर पसरला होता. म्युनिक आणि फ्लोरेन्स येथील या दोन कामांची तुलना केली तर कार्देल्लीनोचे काम बाहेरच्या माणसाला अधिक चित्तथरारक वाटेल, कारण तिथे अपघात आहे, तुकडे आहेत. संवर्धकाला मात्र कानिजानी चित्रच जास्त अस्वस्थ करते, कारण तिथे फुटलेले असे काही नव्हते, चित्र धडधाकट दिसत होते, आणि कुणालाही काही चुकल्यासारखे वाटत नव्हते.

देवदूत परत आल्याने चित्र सुधारले का, असा प्रश्न विद्यार्थी विचारतात आणि त्याचे सरळ उत्तर देता येत नाही. ते पूर्वीइतके स्वच्छ राहिले नाही हे निश्चित. वरचे दोन्ही कोपरे आता भरलेले आहेत, त्रिकोणाचे टोक मोकळ्या आकाशात घुसत नाही, तर ढगांच्या दोन पुंजांमधल्या फटीत शिरते, आणि ज्यांनी भौमितिक शुद्धतेसाठी या चित्रावर प्रेम केले त्यांना तो पुंजका अनावश्यक वाटल्यास नवल नाही. परंतु हे चित्र ज्या घरासाठी होते तिथे भूमिती शिकवली जात नव्हती. खाली दोन बालके पुढच्या मरणाची खूण हाती धरून खेळत आहेत, त्यांच्या वर दोन वृद्ध आपल्या आश्चर्याची देवघेव करत आहेत, आणि त्याहीवर स्वर्ग हे सारे पाहतो आहे, अशी चढती पायरी मूळ चित्रात होती; सर्वांत वरची पायरी काढून घेतल्यामुळे योसेफ शेवटचा साक्षी ठरला होता, आणि त्याच्या नवलाला वरून कुणाची दाद नव्हती. त्रिकोण तसाच आहे. त्याचे टोक आता कशाकडे निर्देश करते, एवढे बदलले आहे.

निळा थर गेला तो कायमचा, कारण काढलेला रंग परत लावता येत नाही. म्हणून अशा कामात काढण्यापूर्वीची छायाचित्रे, क्ष-किरण फिल्मा आणि रंगाच्या सुईच्या टोकाएवढ्या नमुन्यांचे काप जपून ठेवावे लागतात. अठराव्या शतकातील त्या रंगाऱ्याने राफाएलविषयी जेवढी नोंद ठेवली नाही, तेवढी त्याच्याविषयी ठेवणे हे त्याच टेबलावर बसणाऱ्या माणसाकडून अपेक्षित असते. जुन्या ग्रंथांतल्या कृष्णधवल चित्रांत ते रिकामे आकाश अद्याप शाबूत आहे, आणि अशा ग्रंथांचे संच भारतातल्या कलाशाळांच्या ग्रंथालयांतही आहेत. त्यांतले कानिजानी चित्राचे पान उघडणाऱ्याने खालची तारीख पाहावी, आणि ती १९८० च्या आधीची असेल तर वरच्या कोपऱ्यांवरून रचनेविषयी कोणताही निष्कर्ष काढू नये.